बलोपासक यूजेन सँडो

कापडाच्या दुकानी जाऊन बिनबाह्यांची गंजी मागावयाची झाल्यास आपण सँडो एवढाच शब्द उच्चारतो, आणि दुकानदारही अधिक काही न विचारता ती पुढे ठेवतो. सँडो हे एका हाडामांसाच्या मनुष्याचे नाव होते, ही गोष्ट त्या वेळी दोघांपैकी एकाच्याही ध्यानीमनी नसते. आमच्या आजोबांच्या पिढीत तसे नव्हते. एखादा मुलगा जरा छाती काढून चालू लागला की घरची वडील माणसे थट्टेने त्याला सँडो म्हणत, आणि मुलालाही त्या थट्टेत मान वाटे. आता नाव अंगावर राहिले आहे व माणूस विस्मृतीत गेला आहे. तो कोण होता, त्याने बळ कसे मिळविले आणि मिळविलेल्या बळाचे पुढे काय केले, ते विद्यार्थिमित्रांना सांगावे असा या लेखाचा हेतू आहे. त्याच्या चरित्रात अनुकरण करण्याजोगे पुष्कळ आहे. आणि जे तसे नाही तेही झाकून ठेवण्याचे आम्हास कारण दिसत नाही.

यूजेन सँडो याचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी पूर्व प्रशियातील कोनिग्सबर्ग या नगरात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे नगर रशियाकडे गेले. हल्ली ते कालिनिनग्राड या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ नाव फ्रीडरिख विल्हेल्म म्युलर. आपल्या बालपणाविषयी तो पुढे एक हकीकत नेहमी सांगत असे. आपण लहानपणी फार अशक्त होतो. वडिलांबरोबर इटलीत गेलो असता तेथे प्राचीन वीरांचे संगमरवरी पुतळे पाहिले. असे पुरुष हल्ली का दिसत नाहीत, हा प्रश्न वडिलांस विचारला. आणि त्यांच्या उत्तराने मनास जी टोचणी लागली तीमुळे व्यायामाकडे वळलो, अशी ती हकीकत. गोष्ट मोठी गोड आहे. परंतु तिच्या खरेपणाविषयी चरित्रकारांस शंका आहे, व आम्हासही आहे. जो मनुष्य पुढे दुर्बळांना व्यायामाची पुस्तके विकणार, त्याचे बालपण दुर्बळ असल्यावाचून त्या पुस्तकांच्या वाचकांना धीर कसा येणार?

खात्रीने सांगता येते ते इतकेच की, हा मुलगा कसरतीत तरबेज होता, आणि वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी घर सोडून सर्कशीबरोबर देशोदेशी हिंडू लागला. याच काळात त्याने आपले जुने नाव टाकून सँडो हे नवे नाव धारण केले. सर्कशीतील जिणे म्हणजे आज पोटभर तर उद्या उपास. पुढे ब्रुसेल्स येथे ती सर्कस मोडली आणि हा तरुण परक्या शहरात निराधार उभा राहिला.

तेथे त्याला गुरू भेटला. लुडविग डुरलाखर हे त्याचे नाव. परंतु रंगभूमीवर तो प्रोफेसर अटिला म्हणूनच प्रसिद्ध होता. त्याची ब्रुसेल्समध्ये व्यायामशाळा होती. त्या काळी युरोपातील पुष्कळ व्यायामशिक्षक हलक्या लाकडी डंबेल्सचे हातवारे व सांघिक कवायत यांपलीकडे जात नसत. जड वजनाने शरीर आखडते, मनुष्य बैलासारखा मंद होतो, असा सार्वत्रिक समज होता. अटिलाचे मत निराळे होते. त्याने या शिष्याच्या हाती जड वजने दिली व ती क्रमाक्रमाने वाढवीत नेली. एका हाताने जड वजन डोक्यावर नेण्याचा एक विशिष्ट डाव त्याच्यापाशी होता. वजन खांद्याशी आणावयाचे आणि नंतर ते वर ढकलण्याऐवजी आपले शरीरच बाजूला वाकवीत वजनाखाली न्यावयाचे. हात सरळ झाला की वजनासह उठून उभे राहावयाचे. दिसावयास हे सोपे वाटते. पण त्यात पाठ, कंबर, पाय आणि दृष्टी यांचा मेळ क्षणभर जरी चुकला तरी खांदा निखळण्याचे भय असते. या डावात सँडोने पुढे सुमारे २७० रत्तल, म्हणजे १२२ किलो वजन एका हाताने पेलल्याची नोंद आहे. त्याची उंची सुमारे पावणेसहा फूट, म्हणजे युरोपियन मानाने मध्यमच होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

अटिलाने त्याला दुसरीही एक विद्या शिकविली. जमलेल्या लोकांपुढे उभे कसे राहावे, वजन उचलण्यापूर्वी किती वेळ थांबावे, आणि श्रम होत असताना चेहरा हसरा कसा ठेवावा, ही ती विद्या होय. सँडोच्या आयुष्यात या दोन विद्यांपैकी कोणती अधिक उपयोगी पडली हे सांगणे कठीण आहे.

त्याचे नाव प्रथम गाजले ते १८८९ साली लंडनमध्ये. वेस्टमिन्स्टर येथील रॉयल अक्वेरियम या करमणुकीच्या गृहात चार्ल्स सॅम्सन नावाचा मल्ल आपला शिष्य सायक्लॉप्स याच्यासह रोज खेळ करीत असे, व शिष्यास हरविणारास १०० पौंड आणि आपणास हरविणारास ५०० पौंड देण्याचे आव्हान रोज प्रेक्षकांस देत असे. असे आव्हान कोणी स्वीकारणार नाही याच भरवशावर दिले जाते. एके रात्री प्रेक्षकांतून एक तरुण उठून रंगमंचावर आला. अंगात मेजवानीचा काळा पोशाख, डोळ्याला एकभिंगी चष्मा. लोक हसू लागले. तरुणाने कोट उतरविला तेव्हा हसू थांबले. कपड्याखाली काय दडले आहे याची कोणासच कल्पना नव्हती. त्याने प्रथम सायक्लॉप्सला जिंकले, आणि २ नोव्हेंबर रोजी गुरूशी सामना ठरला. त्या रात्री मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी व लॉर्ड डी क्लिफर्ड हे पंच होते. लोखंडी कांबी वाकविणे, छातीभोवतीची तार व दंडावरच्या साखळ्या तोडणे, असे सॅम्सनचे ठरलेले खेळ. त्यांतला प्रत्येक सँडोने करून दाखविला, आणि जयाची माळ त्याच्या गळ्यात पडली. एका रात्रीत त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. साखळ्या तोडण्याच्या या खेळांत हातचलाखीही बरीच असे, हे येथे नमूद केले पाहिजे. साखळी कोणाच्या मापाची व तिची कोणती कडी कच्ची, यावर पुष्कळ अवलंबून असते. सँडोचे खरे बळ साखळीत नव्हते, वजनात होते.

१८९३ मध्ये तो अमेरिकेस गेला. शिकागो येथे त्या वर्षी मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि फ्लोरेन्झ झीगफेल्ड नावाच्या तरुण व धूर्त नाटकवाल्याने त्याला आपल्या वडिलांच्या ट्रोकॅडेरो या नाट्यगृहात आणले. प्रेक्षक सँडोने उचललेल्या वजनापेक्षा सँडोकडेच अधिक पाहतात, हे झीगफेल्डच्या चटकन ध्यानात आले. मग त्याने खेळाची रचनाच बदलली. वजने मागे पडली. प्राचीन पुतळ्यांच्या ढंगाने निश्चल उभे राहून एकेक स्नायू दाखविणे पुढे आले. खेळ संपल्यावर धर्मकार्यास ३०० डॉलर देणाऱ्या धनिक स्त्रियांना रंगमंचामागे येऊन या मल्लाचा दंड चाचपून पाहण्याची मुभा असे. हार्वर्ड विद्यापीठातील व्यायामशास्त्राचे तज्ज्ञ डॉक्टर सार्जंट यांनीही त्याची मापे घेतली व त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. मार्च १८९४ मध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतील चित्रगृहात त्याच्या अंगविक्षेपांचे काही सेकंदांचे चलच्चित्र घेण्यात आले. चलच्चित्रकलेच्या अगदी बाल्यावस्थेतील ते चित्र आजही पाहावयास मिळते. त्यात तो गर्रकन वळतो, दंड फुगवितो, आणि चित्र संपते.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे सिंहाशी कुस्तीचा एक प्रकार झाला. त्याविषयी न लिहिणेच त्याच्या मित्रांना आवडले असते. सिंहाच्या तोंडाला मुसके व पंजांना पिशव्या बांधलेल्या होत्या. इतके करूनही लढण्याची इच्छा अशी त्या बिचाऱ्याला नव्हतीच. सँडोने त्याला उचलले, ढकलले, शेपटी ओढली. वनराज आपला मुकाट पडून राहिला. पैसे मोजून आलेल्या लोकांनी हुर्यो केली, आणि ती योग्यच होती.

येथपर्यंतचे चरित्र एका तमासगीर मल्लाचे आहे, आणि असे मल्ल त्या काळी युरोपात शेकड्यांनी होते. त्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. सँडोचे नाव राहिले ते १८९७ नंतर त्याने जे केले त्यामुळे. त्या वर्षी त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर शरीरसंवर्धनाची संस्था उघडली आणि बळ व ते मिळविण्याचा मार्ग या विषयावरील आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. पुढल्या वर्षी एक मासिकही काढले. लंडन त्या वेळी कारकुनांचे शहर झाले होते. सकाळी गाडीत बसावे, दिवसभर पाठीस पोक काढून लेखणी चालवावी, संध्याकाळी थकून घरी यावे, असे लाखो तरुणांचे जीवन होते. शेतकऱ्याला वा लोहाराला बळ कमाविण्यासाठी निराळा वेळ काढावा लागत नसे. या तरुणांना तो काढावा लागणार होता, आणि तो कसा काढावा हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. बळ हे जन्मतःच ठराविक लोकांना मिळते, आपण ते तिकीट काढून पाहावयाचे, अशी त्यांची समजूत होती. सँडोने त्यांना सांगितले की, रोज पाव तास काढाल तर तुम्हीही बदलाल. हे सांगणारा मनुष्य असा होता की त्याच्याकडे पाहून अविश्वास दाखविणे कठीण जावे.

त्याची पद्धत थोडक्यात अशी. पाच रत्तल, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो वजनाची डंबेल्सची जोडी घ्यावी. दंड, पोटरी, छाती, खांदे, पोट, मांड्या अशा प्रत्येक भागासाठी नेमलेला व्यायाम नेमलेल्या संख्येने करावा, व ती संख्या ठराविक दिवसांनी थोडथोडी वाढवीत जावी. मुले, मुली, किशोर व प्रौढ यांच्यासाठी त्याने वेगवेगळी कोष्टके दिली होती. पुस्तकासोबत स्नायूंचा तक्ता येई. तो भिंतीस लावावा. व्यायामापूर्वी सुताच्या फितीने छाती, दंड, कंबर, मांडी यांची मापे घेऊन लिहून ठेवावीत आणि काही महिन्यांनी ती पुन्हा घ्यावीत. व्यायामानंतर थंड पाण्याने स्नान करावे. या सर्वांहून त्याचा अधिक कटाक्ष एका गोष्टीवर असे. हात हलत आहे आणि चित्त भलतीकडे आहे, असा व्यायाम फुकट, असे तो शिकवी. ज्या स्नायूचे काम चालू आहे त्याच्याकडे सगळे लक्ष द्यावे, यासाठी आरशासमोर उभे राहून व्यायाम करण्याची त्याची सूचना होती. पुढे त्याने स्प्रिंगची डंबेल्स काढली. त्यांत मुठीचे उभे दोन तुकडे करून त्यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगा बसविलेल्या असत, व व्यायाम चालू असेपर्यंत मूठ आवळून ते दोन तुकडे एकत्र दाबून धरावे लागत. मूठ सैल झाली की लक्ष ढळले हे तत्काळ कळे. युक्ती खरोखर नामी होती.

आरशाची सूचना मात्र जपून घ्यावी, असे आमचे विद्यार्थ्यांस सांगणे आहे. आरशासमोर उभे राहिल्यावर मनुष्य व्यायाम करतो थोडा आणि पाहतो फार. व्यायामास लागून आठवडाही झाला नाही तोच फीत घेऊन दंड मोजणारे, आणि तो तसूभरही वाढला नाही म्हणून खिन्न होऊन डंबेल्स माळ्यावर टाकणारे वीर प्रत्येक वर्गात दोन-चार तरी असतात. स्नायू वाढावयास आठवडे नव्हे, महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढल्यासारखे वाटते ते बहुतांशी मज्जातंतूंना त्या कामाची सवय झाल्यामुळे. शिवाय आरशात पुढची बाजू तेवढी दिसते, म्हणून मुले छाती व दंड यांच्या मागे लागतात आणि पाठ व पाय तसेच राहतात. सँडोच्या कोष्टकांत ही चूक नव्हती. ती कोष्टके निवडून वापरणारांनी केली.

आता त्याच्या शिकवणीतील मोठ्या वैगुण्याकडे वळू. सँडोने आपले बळ पाच रत्तली डंबेल्सनी कमाविले नव्हते. ते त्याने अटिलाच्या व्यायामशाळेत जड वजनांशी झुंजून कमाविले होते. असे असता, जणू ही हलकी जोडी व हा तक्ता एवढ्यानेच आपले शरीर घडले आहे, असा ग्रह त्याच्या पुस्तकांवरून व जाहिरातींवरून वाचकाचा होई, आणि तो दूर करण्याची त्याने विशेष खटपट केल्याचे दिसत नाही. त्याच्याच काळातील इतर मल्लांनी यावरून त्याला धारेवर धरले. आज या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा बराच झाला आहे. हलक्या वजनानेही स्नायू वाढतात, परंतु तो स्नायू थकून आणखी आवर्तन निघेनासे होईपर्यंत काम केले तरच. आणि मोठे वजन पेलण्याची शक्ती हवी असल्यास वजन क्रमाने वाढवीत नेण्यावाचून गत्यंतर नाही. शरीर त्याच्यावर पडणाऱ्या भाराच्या मानाने बदलते. भार तोच राहिला तर बदल थांबतो. अटिला हे जाणत होता व त्याच्या शिष्यालाही ते ठाऊक होते. तरीही हजारो कारकुनांनी या हलक्या जोडीने आपली प्रकृती सुधारली, कारण त्यापूर्वी ते काहीच करीत नव्हते. ज्याचे शरीर वर्षानुवर्षे खुर्चीत बसून आहे त्याला पाव तासाचा हलका व्यायामही मोठाच आहे. म्हणून सँडोने त्यांना फसविले असे आम्ही म्हणणार नाही. पण अर्धे सत्य विकले असे म्हणणे भाग आहे.

या अर्ध्या सत्याचा जाच त्याला स्वतःलाही झाला. १८९८ साली शेफील्ड येथे आर्थर सॅक्सन या तरुण जर्मन मल्लाने वर सांगितलेल्याच एकहाती डावात त्याला उघड आव्हान दिले. सॅक्सनने जे वजन डोक्यावर पेलून दाखविले ते सँडोला पूर्णपणे पेलता आले नाही. पुढे सॅक्सनच्या मंडळींनी या विजयाचा डंका पिटण्यास आरंभ केला, तेव्हा सँडोने न्यायालयाची वाट धरली व तेथे निकाल आपल्या बाजूने मिळविला. आखाड्यात जे घडले त्याचा निकाल न्यायालयात लागतो तेव्हा बघणाऱ्याला काय वाटावयाचे ते वाटतेच. एक हार सरळ मान्य केली असती तर त्याच्या कीर्तीला कितीसा धक्का बसला असता? परंतु ज्याचा देह हीच ज्याची जाहिरात, त्याला हरण्याची मोकळीक राहत नाही.

त्याच्या आयुष्यातील उत्तम दिवस कोणता असे कोणी विचारल्यास आम्ही १४ सप्टेंबर १९०१ हा सांगू. त्या दिवशी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने आपल्या शिष्यांची शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. अशी स्पर्धा जगात पूर्वी कोणी इतक्या मोठ्या प्रमाणावर भरविली नव्हती. स्पर्धेची घोषणा तीन वर्षे आधी झाली होती. परगण्यापरगण्यांतून निवड होत होत अखेरीस ६० तरुण त्या रंगमंचावर उभे राहिले. मूर्तिकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सच्या कथांचे लेखक आर्थर कॉनन डॉईल हे परीक्षक होते, व तंटा पडल्यास निवाडा स्वतः सँडोने करावयाचा होता. कॉनन डॉईल स्वतः त्याच्याजवळ व्यायाम शिकले होते. सभागृह तुडुंब भरले; कित्येकांना दारातून परत जावे लागले. जमलेले उत्पन्न बोअर युद्धाच्या निमित्ताने उभारलेल्या मदतनिधीस देण्यात आले. त्या युद्धासाठी भरती होऊ पाहणारे शहरी तरुण शरीराने अपात्र ठरून मोठ्या संख्येने परत पाठविले जात होते, आणि या गोष्टीने इंग्रज समाज हादरून गेला होता. सँडोच्या कार्याला जे महत्त्व आले त्याचे एक कारण हेही होय.

या स्पर्धेची कसोटी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्वांत मोठे स्नायू असणाऱ्यास बक्षीस नाही, हे आधीच सांगून ठेवले होते. शरीराची एकंदर वाढ, सर्व अंगांचा परस्परांशी मेळ, मांसाचा घट्टपणा, सामान्य आरोग्य व त्वचेची कांती, या सर्वांचा विचार करून नॉटिंगहॅमच्या विल्यम मरे याला पहिला क्रमांक देण्यात आला. सँडोचा सोनेरी पुतळा हे त्याचे पारितोषिक होते. १९७७ पासून अमेरिकेतील मिस्टर ऑलिम्पिया या स्पर्धेच्या विजेत्यास सँडोच्या याच धर्तीचा पुतळा देण्यात येतो. त्या विजेत्यांचे अवाढव्य देह पाहिले म्हणजे १९०१ ची कसोटी त्यांना लावली असती तर किती जण टिकले असते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

१९०४ च्या अखेरीस व १९०५ मध्ये पृथ्वीपर्यटन करीत तो हिंदुस्थानात आला. कलकत्ता व मुंबई येथे त्याचे खेळ झाले व ते पाहावयास साहेबलोकांप्रमाणेच एतद्देशीयही मोठ्या संख्येने लोटले. व्यायाम ही गोष्ट आपणास नवी नव्हती. जोर, बैठका, मल्लखांब, लेजीम, करेल यांनी आपल्या तालमी गजबजलेल्या असत. उलट आपल्याकडचे मुद्गल इंग्रज अधिकाऱ्यांनी आवडीने आपल्या देशी नेले होते व तेथील व्यायामशाळांत ते हिंदुस्थानी गदा म्हणून फिरविले जात होते. परंतु तालमीत जावयाचे म्हणजे वस्तादाची आज्ञा, लाल माती, दूध-तुपाचा खुराक आणि भरपूर वेळ हवा. कचेरीत जाणाऱ्या व परीक्षांना बसणाऱ्या नव्या पिढीला ते साधेनासे झाले होते. तिला एकट्याने, खोलीचे दार लावून, कोष्टक पाहून करता येणारा व्यायाम हवा होता, आणि सँडोने नेमके तेच दिले.

या पिढीतील एक साधक आपल्या महाराष्ट्रातलेच होते. औंधचे राजपुत्र व पुढे अधिपती झालेले श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली सँडोची साधने व पुस्तके विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. त्यानंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि ज्यास कोणतेही साधन लागत नाही असा तो सर्वांगाचा व्यायाम त्यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून रुजविला. त्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडन येथे प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या शहरातून डंबेल्स औंधास आली त्याच शहरास औंधाने परतीची भेट पाठविली. सूर्यनमस्कारांचे हे श्रेय सँडोला देण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण रोज ठराविक वेळी, ठराविक संख्येने, एकही दिवस न चुकविता व्यायाम करण्याचे वळण दहा वर्षांत लागले असेल ते पुढे उपयोगी पडलेच नसेल असे कसे म्हणावे? भवानराव १९५१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारले.

सँडोला मात्र तेवढे आयुष्य लाभले नाही. १९०६ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. १९११ मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहांनी त्याला शास्त्रीय शरीरसंवर्धनाचा प्राध्यापक म्हणून नेमले. सन्मानाचा हा कळस होता. परंतु याच सुमारास शिक्षक मागे पडून व्यापारी पुढे आला होता. सँडोची डंबेल्स, सँडोचे रबरी ताण, सँडोची स्त्रियांसाठी कंबरपट्ट्याची चोळी, सँडोचा आरोग्यदायक कोको, अशी यादी लांबत गेली. कोकोचे पाणी पिऊन बळ येत नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक होते? पुढे महायुद्ध सुरू झाले. जन्माने जर्मन असणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले. कोकोची कंपनी बुडाली. युद्धानंतर त्याने एक मोठा ग्रंथ लिहिला. चलनवलन हेच जीवन, असा त्याचा एकंदर रोख आहे. पण तोपर्यंत व्यायामाची गोडी लागलेली नवी पिढी नव्या गुरूंकडे गेली होती.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडन येथील राहत्या घरी त्याचा अंत झाला. वय अवघे ५८ वर्षांचे. खड्ड्यात अडकलेली मोटार एकट्याने उचलून बाहेर काढली, त्या श्रमाने मेंदूतील रक्तवाहिनी फुटली, असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले. ज्याने जन्मभर वजने उचलली त्याला शोभणारे हे मरण लोकांना पटले यात नवल नाही. चरित्रकार मात्र ही कथा संशयास्पद मानतात, आणि हृदयापासून निघणाऱ्या मुख्य रोहिणीचा विकार हे मृत्यूचे कारण असल्याचे सांगतात. तो विकार कशाने जडला याविषयी त्यांच्यात मतभेद आहेत.

पत्नीचे व त्याचे शेवटी शेवटी पटत नव्हते. मँचेस्टरच्या एका छायाचित्रकाराची ती कन्या. तिचे नाव ब्लांश. त्यांना दोन मुली होत्या. ब्लांशने त्याला पटनी व्हेल येथील दफनभूमीत पुरविले व त्या जागेवर दगड बसविण्यास संमती दिली नाही. ज्याची छायाचित्रे घरोघरी होती, आणि ज्याच्या देहाचा साचा १९०१ साली युरोपियन मनुष्याचा नमुना म्हणून लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने करवून घेतला होता, त्याची कबर कोठे आहे हे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ खुणेवाचून राहिले. तो प्लास्टरचा साचाही संग्रहालयाने फार दिवस मांडून ठेवला नाही; लवकरच तो अडगळीत गेला. २००२ साली त्याच्या एका चाहत्याने कबरीवर लहानसा लेख बसविला. पुढे २००८ मध्ये त्याच्या पणतवाने त्या जागी गुलाबी छटेचा एक उंच, ओबडधोबड दगड उभा केला. त्यावर मोठ्या अक्षरांत सँडो एवढेच नाव उभे कोरलेले आहे.